काळमेघांच्या दुकानापुढचा ओटा

दारव्ह्याचा नवा रस्ता आमसरी गावाला बाहेरून वळसा घालून गेला आणि बघता बघता गावातली पेठ बसली. आधी जीपवाल्यांनी आत यायचं सोडलं. त्यांच्यामागं चहाच्या टपऱ्या फाट्यावर गेल्या, मग पानवाला, मग पंक्चरवाला, आणि शेवटी बुधवारचा बाजारसुद्धा फाट्यावरच्या मोकळ्या जागेत भरायला लागला. पेठेत उरली ती जुनी, हटवादी दुकानं. त्यातली निम्मी अर्धं शटर उघडून बसायची. दुपारी ह्या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाचा मारोती किराणावाला गल्ल्यावरून मान वर करून "कोण शिंकलं गा?" असं विचारायचा.

पुंडलिकराव काळमेघांचं दुकान पेठेच्या मधोमध होतं. दोर, कासरे, वेसणी, घुंगरमाळा आणि झुली, म्हणजे बैलाच्या अंगावर चढतं ते सगळं. मुलगा गोपाल शेतात कपाशी आणि तूर बघायचा. दुकानात पुंडलिकराव आणि सून अर्पिता. मारेगावहून लग्न होऊन आली तेव्हा अर्पिताला वेसण कुठली आणि कासरा कुठला हेही कळत नव्हतं. आता ती शिलाई मशीनवर झुली शिवायची. काठाला आरसे लावायची, मधे मोर काढायची, आणि गिऱ्हाइकाच्या बैलाचा रंग विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. घरात ती कोणाची तरी सून होती, कोणाची तरी बायको होती. दुकानात गिऱ्हाईक तिला नावानं विचारत यायचं. हे तिला फार आवडायचं आणि ते ती लपवतही नसे.

श्रावण लागला आणि गोपालनं जेवता जेवता सांगून टाकलं, "फाट्यावर गाळा पाह्यला म्या. पोळा झाला का सामान तिकडं हलवू."

"अन् बसन कोण तिथं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"मी बसतो. शेत बटईनं देऊ. फाट्यावर हाटेलं हायेत, दारुडे हायेत. अर्पिताले तिथं नाई बसवत मी."

अर्पिताच्या हातातला घास हातातच राहिला. सासू इंदूबाई भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात न काढता सुनेकडं पाहिलं.

"पेठेतलं दुकान काहून बंद करता?" अर्पिता म्हणाली.

"गिऱ्हाईकच नाई तं काय माशा मारता?"

"मले एक पोळा द्या. ह्या पोळ्याले बाजार पेठेत भरवून दाखवते. नाई भरला तं मीच कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देतो म्हणा."

"देतो नाई, देते," इंदूबाई म्हणाली आणि हसली. सूनबाई रागावली की वऱ्हाडी पुरुषासारखी बोलते, हे तिला ठाऊक होतं.

"ठरलं," गोपाल म्हणाला. त्याला खात्रीच होती. अर्पितालाही होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानोदुकानी फिरली. मारोती, भांडेवाला, कापडवाला, मोबाइल दुरुस्तीवाला संघदीप, सगळ्यांना तिनं गोळा केलं. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांना पेठेत फुकट जागा द्यायची, नाल्या उपसायच्या, भिंतींना चुना मारायचा, दिवे लावायचे, असं ठरलं. मग मोटारसायकलींचा प्रश्न निघाला. पेठ आधीच अरुंद, त्यात प्रत्येक दुकानापुढं काळ्या दगडाचा कमरेएवढा उंच ओटा. गाडी लावायची कुठं?

"ओटे काढून टाकू," अर्पिता म्हणाली. "समोर गाडी लागली का गिऱ्हाईक आत आलंच समजा."

सगळ्यांना पटलं. पुंडलिकराव तेवढे गप्प बसले. घरी येताना एवढंच म्हणाले, "माह्या आज्याच्या आधीपासूनचे हायेत थे."

"पाडू नका म्हणता का मामाजी?"

"नाई, पाडू. ठरलं तं ठरलं."

म्हातारा असा होता. मनाला पटो न पटो, एकदा हो म्हटलं की पहिली सब्बल, म्हणजे पहार, त्याचीच. त्यानं आपला ओटा आपल्या हातानं उकलला. चिरे एकमेकांत असे बसले होते की एकेकाला घामानं अंघोळ घातल्याशिवाय तो हलेना. पुंडलिकरावांच्या पाठीचा सदरा ओला होऊन अंगाला चिकटला, श्वास तोंडानं यायला लागला, तरी त्यांनी सब्बल दुसऱ्याला दिली नाही. बाकीच्यांनी मजूर लावले. दगड गाडीत भरून नाल्याकाठच्या खड्ड्यात टाकले. पेठ रुंद झाली, पांढरी झाली, रात्री उजळली. मारोतीनं तर दुकानापुढं पिवळे पट्टे मारून घेतले आणि त्यावर "वाहन येथे लावावे" असं लिहवून घेतलं. अर्पिता खूश होती.

पहिल्या बुधवारी मोटारसायकली आल्या. खरंच आल्या. पोरं आली, इकडून तिकडं गेली, दिव्यांचे फोटो काढले, आणि फाट्यावर चहा प्यायला गेली. आलेल्या भाजीवाल्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. अर्पिताचं लक्ष मात्र नाल्याकडच्या वाटेवर होतं. पेठेचं खरं गिऱ्हाईक तिकडून यायचं. पलीकडच्या बंजारा तांड्यातल्या बायका बाजार फाट्यावर गेल्यावरही जाता-येता पेठेत डोकवायच्या. आज पेठेत बाजार आहे असा निरोप तिनं मुद्दाम धाडला होता.

त्या आल्या. पुढं हंसाबाई. साठी ओलांडलेली, दंडात बलोयांचा, म्हणजे पांढऱ्या रुंद बांगड्यांचा, खळखळाट, डोक्यावर काकड्या आणि बरबटीच्या शेंगांनी भरलेलं जड टोपलं. अर्पिता लगबगीनं दुकानातून बाहेर आली. हंसाबाई काळमेघांच्या दुकानापुढं येऊन थांबली, पाठ वळवली, आणि तशीच उभी राहिली. मागं काही नव्हतं. तिनं मान न वळवता डोळे फिरवून पाहिलं. मानेवरची शीर ताणली होती.

"ओटा कुठी गेला?"

"काढला याडी. गाड्या लागत नव्हत्या ना." तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना अर्पिता त्यांच्याच बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची. "या, आत या. आण, मी हात लावते टोपल्याले."

तिनं हात पुढं केले, तशी हंसाबाई एक पाऊल मागं सरली.

"राहू दे. फाट्यावर टोपलं उतरवाले लोकायले हात जोडा लागते. कोणीबी हात लावते, कसाबी लावते. म्हणून तं इथं येत होतो बाई आमी. आता इथंबी हात जोडू?"

"तसं नाई याडी..."

"मंग कसं?"

बाकीच्या बायकाही उभ्याच होत्या. कुणाच्या कडेवर लेकरू होतं, आणि त्याला टेकवायला जागा नव्हती. मारोतीच्या पिवळ्या पट्ट्यांवर एक कुत्रं ऐसपैस पसरलं होतं. हंसाबाईनं एकदा सगळी पांढरी पेठ पाहून घेतली आणि आल्या वाटेनं निघाली. तिच्यामागं सगळ्या निघाल्या. पेठेतले दुकानदार आपापल्या दारात उभे राहून पाहत होते. अर्पिताचे कान तापले. भर पेठेत गिऱ्हाइकानं पाठ दाखवावी, तीही हंसाबाईनं, ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी गोपाल शेतातून आला. पाय धुता धुता म्हणाला, "लागल्या का गाड्या?"

पुंडलिकराव अंगणात दोर वळत बसले होते. अंबाडीचा पेंढा पायाच्या अंगठ्यात धरून तळहातावर पीळ देता देता ते बोलायला लागले.

"लमानायच्या, ह्या तांडेवाल्यायच्याच, लदेणीचे ओटे होते थे. मिठाच्या गोणी लादून बैल यायचे. बैल ओट्याले लावला का गोण सरकवून घ्याची, उचला नाई लागे. बैल गेले, मंग बाया डोक्यावर आणू लागल्या. एकटी बाई पाठ लावते अन् वझं ठेवून देते. दिवसभर गाठोडी तिथंच राह्यची, लेकरं तिथंच झोपायची. माहा बाप पाण्याचा गुंड भरून ठेवे. कोणी काई घेतलं नाई तरी उठ म्हणे नाई."

"मंग तवाच काहून नाई बोलले मामाजी?"

"मले तरी कुठं समजलं तवा?" म्हातारा खाली मान घालून म्हणाला. "रोज डोयापुढं होतं. दिसलंच नाई."

अर्पितानं रात्रभर कुढत बसायचं काम केलं नाही. ती तशी बाईच नव्हती. सकाळी इंदूबाईला स्वयंपाक सांगून ती नाला ओलांडून तांड्याकडं निघाली. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, ऊन चटचट लागत होतं, आणि काळ्या मातीतून वाफ येत होती. हंसाबाई शेतात होती. ती आणि तिची सून उज्ज्वला कपाशीत निंदत होत्या. नवरा शंकरसिंग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बैल चारत होता.

"राम राम याडी."

हंसाबाईनं वर पाहिलं आणि पुन्हा खुरपं चालवायला लागली. बस म्हणाली नाही. अर्पिता उन्हात उभी राहिली. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला. मग तिनं साडीचा पदर खोचला, धुऱ्यावर पडलेलं एक खुरपं उचललं आणि शेजारच्या तासात बसली. दुकानात बसून मांड्या आखडलेल्या. दहा हात पुढं सरकेपर्यंत कंबर बोलायला लागली. गवताबरोबर एक कपाशीचं झाड उपटलं गेलं. तिनं ते घाईघाईनं पुन्हा मातीत रोवलं.

"तिथं दोर बांधजो आता त्याले," हंसाबाई म्हणाली. "तुह्या दुकानातला."

उज्ज्वला खळखळून हसली. अर्पितालाही हसू आलं, आणि मग बोलणं सोपं झालं.

"चुकलं माहं याडी. विचारा लागत होतं."

"कोणाले विचारा लागत होतं?"

"तुमाले."

"हां." हंसाबाई उकिडवी बसूनच तिच्याकडं वळली. "दुकान तुमचं हाय, मी कधी माहं म्हणलं नाई. पण ओटा आमचा होता. माही सासू तिथं बसली, मी बसली, हिचं लेकरू तिथं झोपलं. तुमी कोर लोकं, तांड्याबाहेरचे, तुमाले वाटते दगड हाय, फोडा. दुकानदार समदे विचारले तू. आमाले एकीले तरी विचारलं का?"

"नाई विचारलं. आता विचारते. पुन्हा बांधू का?"

"बांध. मंग पाहू."

"पाहू नाई याडी. पोळ्याच्या बाजाराले यानच म्हणा. नाई तं दुकान जाते माहं."

हंसाबाईनं खुरप्याची माती बोटानं निपटली. "तुह्या दुकानासाठी नाई येणार मी," ती म्हणाली. "ओटा झाला तं माह्यासाठी येइन." मग तिनं सावलीकडं हात केला. "आ, बेस. पाणी पी. तोंड पाह्य कसं लाल झालं."

पेठेत मात्र कोणी ऐकेना. मारोतीनं तर हातच झटकले. "आताच पट्टे मारले वं बाई! अन् पाडायले तूच सांगत होती ना?"

"मीच सांगत होते. चुकलं. आता बांधा म्हणते."

"तुह्या दुकानापुढं बांध. आमाले नको सांगू."

गोपालनं बैल द्यायला नकार दिला. "पोळा तोंडावर आला, अन् बैलायले दगड वाह्यले लावू? त्याईच्या खांद्यावर काई उमटलं तं मी दाखवू का गावाले?" ह्यात त्याचं खरंही होतं, म्हणून अर्पितानं वाद घातला नाही. घमेलं घेऊन ती नाल्याकाठच्या खड्ड्यात उतरली. पुंडलिकराव सब्बल घेऊन मागोमाग आले, आणि त्यांच्यामागं इंदूबाई, तिला कोणी बोलावलं नसताना.

"तुमी कायले आल्या आत्याबाई? गुडघे दुखते ना?"

"दुखते तं घरीबी दुखते."

लहान दगड बायकांनी डोक्यावर वाहिले. चुंबळ घातली तरी टाळू हुळहुळायची. मोठे चिरे मात्र हलेनात. चिखलात रुतलेला एक चिरा तिघांनी मिळून काठापर्यंत आणला, आणि तो सरसरत परत खाली गेला. पुंडलिकराव चिखलात बसकण मारून राहिले. वरून शाळेतला एक मास्तर स्कूटर थांबवून पाहत होता. "कायले पाडले अन् कायले बांधता हो काळमेघ?" म्हणून त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला. अर्पिताच्या तळहाताला फोड येऊन फुटले होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण त्याच्या आधी राग आला, आणि त्या रागातच तिनं सब्बल पुन्हा चिऱ्याखाली घातली.

तेवढ्यात पलीकडून बैलगाडी उतरताना दिसली. शंकरसिंग गाडीवर उभा होता, मागं उज्ज्वला आणि तांड्यातली दोन माणसं.

"शंकरसिंग, पोळा हाय, बैल कायले आणले?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"माह्या बैलायले सवय हाय वझ्याची," शंकरसिंग गाडीतून उतरत म्हणाला. "तुमचे लाडाचे हायेत." मग त्यानं अर्पिताचे तळहात पाहिले आणि डोक्याच्या रुमालाची एक चिंधी फाडून तिच्यापुढं धरली.

दोन दिवसांत दगड पेठेत आले. बांधायला गवंडी लागला नाही. पुंडलिकरावांनी कोणता चिरा कुठं बसतो ते हात फिरवून ओळखलं, शंकरसिंगानं खाली मुरूम ठोकला. उंचीवरून दोघांत भांडण झालं. एक म्हणे कंबर, एक म्हणे कमरेच्या वर. शेवटी उज्ज्वलानं दगडांनी भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं, पाठ लावली आणि म्हणाली, "अजून एक थर." तो थर लागला. संघदीप दुकान सोडून दुपारभर माती कालवत होता. मारोती आपल्या पट्ट्यांवर खुर्ची टाकून सगळं पाहत बसला.

पोळ्याआधीचा बुधवार उजाडला तो ढगाळ. अर्पितानं झाडून-पुसून गुंड भरला, ओट्याच्या कडेला ठेवला, आणि झुली दोरीवर टांगल्या. लाल, हिरव्या, मोराच्या, आरशांच्या. आत जाऊन मशीनवर बसली. हात चालत होता, कान नाल्याकडं होते. पुंडलिकराव दाराशी उभे होते. ते म्हातारपणी पहिल्यांदाच घाबरलेले दिसत होते, आणि त्यांना तसं पाहून अर्पिताला उलट धीर आला. "येतील मामाजी," ती म्हणाली. "बसा तुमी."

आधी बलोये वाजले. मग हंसाबाई दिसली. ती सरळ काळमेघांच्या दुकानापुढं आली, कोणाकडं पाहिलं नाही, पाठ वळवली, गुडघे वाकवत खाली आली, मान मागं नेली. टोपलं ओट्यावर टेकलं. तिनं दोन्ही हात मोकळे केले, मानेवरून पदर फिरवून घाम पुसला, आणि एक लांब श्वास सोडला. मागून दुसरी आली, तिसरी आली. ओट्यावर काकड्या, शेंगा, कोंबडीची पाटी, झोपाळलेलं लेकरू. जागा पुरेना तेव्हा बायका एकमेकींना सरकवून बसायला लागल्या. त्यांच्या शेंगा घ्यायला गावातल्या बाया आल्या. बाया आल्या म्हणून बांगडीवाला आला. तांड्यातले पुरुष बैलांचा साज घ्यायला आले आणि बायका इथंच आहेत म्हटल्यावर फाट्यावर गेलेच नाहीत. दुपारी एक जीपवाला पेठेच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायला लागला, कारण सवाऱ्या इथंच होत्या.

अर्पिताला मान वर करायला फुरसत नव्हती. पुंडलिकराव कासरे मोजून देताना विसरत होते आणि हसत होते. इंदूबाई घरून भाकऱ्या घेऊन आली आणि तशीच गिऱ्हाइकाला वेसणी दाखवायला लागली, ते तिनं जन्मात केलं नव्हतं. मधेच मारोती आला. ओट्याजवळ घुटमळला, घसा साफ केला, आणि हंसाबाईला म्हणाला, "बाई, माह्या दुकानापुढं... कितीक उंच घेऊ?"

हंसाबाईनं काकडीचा घास चावून गिळेपर्यंत त्याला उभं ठेवलं. "आधी पट्टे पूस," ती म्हणाली. "मंग सांगतो."

सगळ्या बायका हसल्या. मारोतीही हसला, दुसरं काय करणार?

उन्हं कलली तेव्हा गोपाल आला. फाट्यावरून आला होता. तिथं आज निम्माच बाजार होता, हे त्यानं सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला आपल्याच दुकानात शिरायला वाट मिळेना. कोणाचं गाठोडं ओलांड, कोणाच्या लेकराचा पाय चुकव, असं करत तो मशीनपाशी पोचला. घामेजलेली, केस सुटलेली, तळहातांना चिंध्या बांधलेली बायको त्यानं पाहिली. ती तोंडात सुया धरून झुलीचा काठ टाचत होती.

"भरला बाजार," तो म्हणाला.

अर्पितानं सुया काढल्या. "भरला."

"मंग थो गाळा सोडून देऊ का मी?" त्यानं हळूच विचारलं. आवाजात थोडी शरम होती आणि थोडी आशाही, की ती आता रागावेल, सुनावेल, आणि विषय संपेल.

ती रागावली नाही. तिनं झूल झटकली, उलटीसुलटी पाहिली, घडी घातली.

"काहून सोडता? तुमाले फाट्यावर बसाचं होतं ना, बसा. दोन दुकानं झाली तं वाईट काय हाय? तिथलं तुमी पाहा. सामान लागलं तं इथून घेऊन जा, मी ठोक भावात देइन."

पुंडलिकरावांनी कासऱ्याचं वेटोळं खाली ठेवलं आणि सुनेकडं पाहत राहिले. गोपाल काहीतरी बोलायला गेला, पण मागून शंकरसिंग पुढं झाला. त्याच्या बैलांसाठी झुली घ्यायच्या होत्या, आणि त्यानं गोपालच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं.

"सरक गा जरा," तो म्हणाला. "मले दुकानवालीशी बोलाचं हाय."